बाकीचे करतायत का? : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी म्हटलं होतं की हवामान बदलाचं धोरण आणि आपलं माणसांचं वागणं याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, काहींनी तर हाताने लिहून चार चार पानं पाठवलीयत, मनापासून आभार. सगळी छापणं शक्य नाही म्हणून जे प्रश्न फिरून फिरून आले ते घेतलेत आणि लांब पत्रं थोडी कापलीयत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी जमेल तितकं बसने जातो, एसी लावत नाही, वस्तू दुरुस्त करून करून वापरतो. पण आजूबाजूला बघितलं तर एकेका घरात तीन तीन गाड्या. आठ अब्ज लोकांत मी एकट्याने करून काय फरक पडणार? आता सोडून द्यावंसं वाटायला लागलंय, आणि तसं वाटतं याचंच परत वाईट वाटतं.

उत्तर : दादा, वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला जे वाटतंय ते इतक्या लोकांना वाटतं की अर्थशास्त्रज्ञांनी ते चक्क मोजलंय. त्यांचा एक खेळ आहे. चार अनोळखी माणसं, प्रत्येकाकडे २० टोकन, त्यातली हवी तेवढी सामाईक डब्यात टाकायची, डब्यात जे जमेल त्याच्या १.६ पट करून चौघांत सारखं वाटायचं. चौघांनी सगळी टोकन टाकली तर प्रत्येकाच्या हातात ३२ येतात. पण एकट्याचा हिशोब केला तर टाकलेल्या एका टोकनामागे टाकणाऱ्याला ०.४ च परत मिळतं, म्हणजे आपण काहीच टाकायचं नाही आणि बाकीच्यांनी टाकलेल्यात वाटा घ्यायचा हे सगळ्यात फायद्याचं. होतं काय की पहिल्या फेरीत लोक साधारण निम्मी टोकन टाकतात, मग दर फेरीला आकडा घसरतो, आणि दहाव्या फेरीपर्यंत डब्यात फारसं काही उरत नाही.

हे वाचून आपण म्हणतो की बघा, माणूस स्वार्थीच. पण २००१ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी खेळणाऱ्यांना वेगळ्या पद्धतीने विचारलं, की बाकीच्यांनी अमुक टाकलं तर तुम्ही किती टाकाल? तेव्हा साधारण ३० टक्के लोक फुकटे निघाले, कुणी कितीही टाको हे शून्यच. पण निम्मे लोक म्हणाले की बाकीचे जितकं टाकतील त्या मानाने आम्हीही टाकू. म्हणजे डबा रिकामा होतो तो या निम्म्या लोकांमुळे, ज्यांची द्यायची तयारी असते पण जे फुकट्यांकडे बघून हात आखडता घेतात. तुम्ही या निम्म्यांतले आहात दादा, आणि मी पण. तुम्ही "माझ्या एकट्याने काय होणार" असं विचारलंय, पण तुम्हाला टोचतायत त्या शेजारच्या तीन गाड्या.

आणि यावर उपाय असतो हेही त्याच खेळात दिसलं. फुकट्याला दंड करायची सोय दिली, तीही दंड करणाऱ्याने पदरची टोकन घालून, तरी लोकांनी तो दंड केला आणि डब्यातली भर घसरायची थांबली, उलट वाढली.

इथे दोन नावं सांगायलाच हवीत. गॅरेट हार्डिन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये लिहिलं की सामाईक कुरण असेल तर प्रत्येक जण आपली जनावरं वाढवत जाणार आणि कुरण संपणार, वाचवायचं तर सरकारी सक्ती नाहीतर खाजगी मालकी, तिसरा मार्ग नाही. पुढची कित्येक वर्षं धोरणं आखणाऱ्यांनी हे गृहीतच धरलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी मात्र जिथे जिथे लोक सामाईक कुरणं, पाट, जंगलं, मासेमारी चालवत होते तिथले नियम प्रत्यक्ष तपासले. स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावात १५१७ सालचा नियम सापडतो, की हिवाळाभर जितक्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतात तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात सोडायच्या. किती साधा नियम आहे बघा, कुणाच्या गोठ्यात किती गाई आहेत ते सगळ्या गावाला माहीत, मोजायला वेगळा माणूस लागत नाही, लबाडी लपत नाही. कुरण शेकडो वर्षं टिकलं. ऑस्ट्रॉमबाईंना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनी जे दाखवलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, की लोकांनी नियम स्वतः केले असतील, कोण पाळतंय ते दिसत असेल, मोडणाऱ्याला आधी हलकी आणि मग वाढत जाणारी शिक्षा असेल, आणि भांडण मिटवायला जवळच जागा असेल, तर माणसं टिकून सहकार्य करतात.

म्हणून तुम्हाला सांगते, सोडू नका, पण गुपचूपही करू नका. तुम्ही बसने जाता हे चार लोकांना माहीत असू दे, आणि बस वाढवा, फूटपाथ द्या या मागणीला तुमचं नाव लागू दे. एकट्याचा त्याग वातावरणात मोजता येणार नाही हे खरंच आहे, पण "बाकीचे करतायत का" म्हणून जो दुसरा तुमच्यासारखा बघत बसलाय त्याच्यासाठी तुम्ही बाकीच्यांपैकी एक आहात.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. मला वाटतं मूळ अडचण ही की लोकांना काही पडलेलीच नाहीये. मग सरकारने तरी कुणाच्या जोरावर कडक धोरणं आणावीत?

उत्तर : बाई, तुमच्यासारखंच मलाही बरीच वर्षं वाटायचं. मग २०२४ मध्ये एक मोठा अभ्यास आला, १२५ देश, जवळजवळ १ लाख ३० हजार माणसं. विचारलं, की दर महिन्याच्या कमाईतला १ टक्का हवामान बदल रोखायला द्याल का? ६९ टक्के हो म्हणाले. सरकारने आणखी करायला हवं का? ८९ टक्के हो. आता पुढचा प्रश्न ऐका, तुमच्या देशातले किती टक्के लोक असा १ टक्का द्यायला तयार असतील असं तुम्हाला वाटतं? त्याचं सरासरी उत्तर आलं ४३.

६९ आणि ४३, हा २६ चा फरक म्हणजे निव्वळ गैरसमज आहे, आणि तो जवळजवळ सगळ्या देशांत आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये असंच दिसलं होतं, मोठ्या हवामान धोरणांना पाठिंबा होता ६६ ते ८० टक्के लोकांचा आणि लोकांचा अंदाज होता ३७ ते ४३. आता हे वरच्या उत्तराला जोडून बघा. निम्मे लोक जर बाकीच्यांकडे बघून ठरवणारे असतील आणि बाकीच्यांबद्दलचा त्यांचा अंदाजच इतका खाली असेल तर ते गप्प बसणार, त्यांना गप्प बघून पुढचा गप्प बसणार, आणि नेत्यांना वाटणार की कुणाला पडलेलीच नाही. म्हणून वर्गात "लोकांना काळजी नाही" हे वाक्य बोलताना जरा थांबा असं मी हक्काने सांगते, कारण ते ऐकून मुलांचा अंदाज आणखी खाली जातो. त्यापेक्षा मुलांनाच एक करायला लावा, आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर स्वतःचं मत लिहायचं, मग वर्गातल्या किती जणांचं तसंच मत असेल तो आकडा लिहायचा, आणि मग सगळ्यांसमोर चिठ्ठ्या मोजायच्या.

प्रश्न : ताई, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओझोनच्या वेळी सगळं जग एकत्र आलं आणि प्रश्न बराचसा सुटला, मग कार्बनच्या बाबतीत तेच का होत नाही? देश बदलले का माणसं?

उत्तर : छान विचारलंस, यावर मला अख्खं पान लागणार आहे.

आधी ओझोनचं काय झालं ते नीट बघ. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी सांगितलं की फ्रीज आणि स्प्रेमधली सीएफसी रसायनं वर जाऊन सूर्याचे घातक किरण अडवणारा ओझोनचा थर खातील. अकरा वर्षं वाद चालला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ब्रिटिश संशोधकांना ओझोनचा थर प्रचंड विरळ झालेला दिसला, आणि दोनच वर्षांत १६ सप्टेंबर १९८७ ला मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या. लोक म्हणतात की संकट डोळ्याला दिसलं म्हणून जमलं, ते खरं आहे पण अर्धंच. कराराची बांधणी बघ. जो देश करारात नाही त्याच्याशी या रसायनांचा व्यापार करायचा नाही असं कलम होतं, त्यामुळे जसजसे देश आत आले तसतसं बाहेर राहणं तोट्याचं होत गेलं. गरीब देशांना दहा वर्षांची जादा मुदत दिली आणि १९९० मध्ये लंडनला त्यांच्यासाठी निधी उभा केला, म्हणजे "तुम्ही बिघडवलंत आणि निस्तरायचं आम्ही का" या रास्त प्रश्नाला पैशाने उत्तर दिलं. शेवटी जगातल्या सगळ्या देशांनी त्याला मान्यता दिली आणि यादीतली ९९ टक्क्यांच्या आसपास रसायनं वापरातून गेली. अंटार्क्टिकावरचा थर १९८० च्या पातळीला यायला २०६६ च्या आसपासचा अंदाज आहे.

कार्बनचं गणित अवघड आहे कारण सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि पर्याय हाताशी येत होते, कार्बन मात्र वीज, सिमेंट, पोलाद, शेती, प्रवास सगळ्यात आहे. पण मला वाटतं बांधणीतही चूक झाली. १९९७ चा क्योटो करार, श्रीमंत देशांना कार्बन किती कमी करायचा ते ठरवून दिलेले आकडे, पण न पाळल्याची शिक्षा अशी की ती नको असेल तर सरळ बाहेर पडता येत होतं. अमेरिकेने सही केली पण मान्यता दिलीच नाही, कॅनडाने २०११ मध्ये बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. टोकनच्या खेळात फुकट्याला दंड नसेल तर काय होतं ते तू वर वाचलंसच, इथे खेळणारे देश होते एवढाच फरक.

२०१५ चा पॅरिस करार वेगळ्या विचाराने केला. प्रत्येक देशाने आपला आकडा स्वतः ठरवायचा, सगळ्यांसमोर मांडायचा, दर पाच वर्षांनी आधीपेक्षा वरचा मांडायचा, आणि मधून मधून सगळ्यांची मिळून बेरीज करायची, अशी पहिली बेरीज २०२३ मध्ये झाली. दंड नाही, पण लपवायला जागा कमी. हा करार "बाकीचे करतायत का" या प्रश्नाचं उत्तर सतत समोर ठेवायचा प्रयत्न आहे असं मी समजते. तो पुरेसा नाही, दिलेली वचनं एकत्र केली तरी तापमानवाढ दोन अंशांच्या आत ठेवण्याइतकी होत नाहीत, आणि अमेरिका २०२० मध्ये बाहेर, २०२१ मध्ये आत आणि २०२५ मध्ये परत बाहेर पडायची घोषणा असं झालं की बाकीच्यांचाही भरवसा हलतो.

अजून एक प्रयोग सांगते, तुझ्याच वयाच्या विद्यार्थ्यांवर केलेला. २००८ मध्ये जर्मनीत सहा सहा जणांचे गट केले, प्रत्येकाला ४० युरो, दहा फेऱ्या, दर फेरीला शून्य, २ किंवा ४ युरो सामाईक खात्यात टाकायचे. शेवटी खात्यात १२० युरो झाले तर उरलेले पैसे तुमचे, नाही झाले तर उरलेले सगळे पैसे बुडण्याची शक्यता ९० टक्के. सगळ्यांना नियम माहीत, प्रत्येकाने २० दिले की काम झालं, तरी निम्मेच गट तिथे पोचले. आणि बुडण्याची शक्यता ५० टक्के ठेवली तेव्हा दहातला एक गट, १० टक्के ठेवली तेव्हा एकही नाही. चार वर्षांनी दुसऱ्या दोघांनी असाच खेळ करून दाखवलं की धोक्याची नेमकी रेषा कुठे आहे हे माहीत असेल तर गट ती ओलांडत नाहीत, पण रेषा धूसर केली की करार कोसळतो. हवामानाची रेषा धूसरच आहे, म्हणून फक्त भीती दाखवून देश एकत्र येतील यावर माझा विश्वास नाही. व्यापाराचं कलम, निधी, एकमेकांचे आकडे तपासायची सोय, हे कंटाळवाणं वाटणारं काम जास्त उपयोगाचं आहे. २०१६ मध्ये किगालीला मॉन्ट्रियल करारातच एचएफसी नावाचे तापमान वाढवणारे वायू घेतले गेले, ते याच जुन्या चौकटीमुळे शक्य झालं. माणसं तीच आहेत गं. तुला पुढे यात काही करायचं असेल तर करारांची कलमं वाचायला लाग, विज्ञान येणारे आणि कलमंही कळणारे लोक फार कमी आहेत.

प्रश्न : मी निवृत्त सरकारी अधिकारी. माझा अनुभव असा की समजावून काही होत नाही, जबर दंड आणि कर लावा, लोक आठवड्यात सरळ होतात.

उत्तर : साहेब, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगते, कधी होतात आणि कधी उलटंच होतं. इस्रायलमध्ये हैफाच्या काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले, कारण आधी बाईंसमोर लाज वाटायची, आता पैसे भरले की झालं. आणि दंड काढून टाकल्यावरही लाज परत आली नाही.

पण आयर्लंडने २००२ मध्ये प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट लावले, अगदी किरकोळ रक्कम, आणि माणशी वर्षाला ३२८ पिशव्यांवरून वापर २१ वर आला. तिथे आधी लोकांना भरपूर समजावलं होतं, पैसे पर्यावरणाच्या निधीत जाणार हे सांगितलं होतं, आणि पिशवी काउंटरवर सगळ्यांसमोर मागायला लागायची, त्यामुळे लाज गेली नाही, उलट आली. स्टॉकहोमने शहरात गाडी आणण्यावर शुल्क लावलं ते २००६ मध्ये आधी सात महिने करून बघितलं, रहदारी साधारण २० टक्क्यांनी उतरली, मग लोकांना मत विचारलं, सुरुवातीला विरोधात असलेल्या कितीतरी लोकांनी बाजूने मत दिलं. फ्रान्सने २०१८ मध्ये इंधनावरचा कर वाढवायचं ठरवलं तेव्हा गाडीशिवाय पर्याय नसलेल्या लोकांना वाटलं की भार फक्त आमच्यावरच, ते पिवळी जॅकेटं घालून रस्त्यावर उतरले आणि सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. त्यानंतर तिथे चिठ्ठ्या टाकून १५० सामान्य नागरिक निवडले, त्यांनी बसून हवामान धोरणासाठी १४९ शिफारशी दिल्या. मला विचाराल तर हे आधी करायला हवं होतं.

कॅनडात तर कार्बन कराचे, म्हणजे इंधन जाळण्यावरच्या कराचे, बरेचसे पैसे लोकांना परत मिळत होते, पण कितीतरी जणांना ते कळलंच नव्हतं, आणि २०२५ मध्ये ग्राहकांवरचा तो कर गेलासुद्धा. म्हणजे नुसतं न्याय्य असून भागत नाही, ते लोकांपर्यंत पोचावं पण लागतं.

प्रश्न : कार्बन फूटप्रिंट मोजायची ॲप्स वापरावीत का?

उत्तर : वापरा, आपल्या वागण्यामुळे किती कार्बन हवेत जातो आणि त्यात कुठला खर्च मोठा ते कळतं, विमान प्रवास म्हणजे काय ते एकदा आकड्यात बघाच. फक्त हे लक्षात असू द्या की ही कल्पना घराघरात पोचवण्यात बीपी या तेल कंपनीचा मोठा हात होता, त्यांनी २००४ मध्ये असा कॅल्क्युलेटर आणला. आपला आकडा मोजताना वीज कशापासून बनते हे आपल्या हातात नसतं हे विसरायला होतं. जर्मनीत एका प्रयोगात वीज घेताना हरित वीज आधीच निवडलेली ठेवली, नको असेल तर खूण काढा म्हटलं, तर ६९ टक्के लोकांनी ती घेतली, स्वतः खूण करायला लावली तेव्हा ७ टक्के. फॉर्म कुणी कसा बनवला यावर इतका फरक पडतो.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगच्या कमिटीत मी नवीन आहे. विजेचा वापर कमी करा म्हणून नोटीस लावली, कुणी वाचत सुद्धा नाही. काय करू ताई?

उत्तर : ताई, नोटिशीत काय लिहिलंय ते कळवलं नाहीत, पण बहुतेक पृथ्वी वाचवा किंवा पैसे वाचवा असं असणार. कॅलिफोर्नियात घरांच्या दारांवर वेगवेगळे मजकूर लावून बघितले होते, एकावर पर्यावरण, एकावर पैशाची बचत, एकावर पुढच्या पिढ्या, आणि एकावर फक्त इतकंच की तुमचे बहुतेक शेजारी वीज वाचवतायत. सगळ्यात जास्त वीज शेजाऱ्यांच्या मजकुराने वाचली. आणि लोकांना विचारलं की तुम्ही कशामुळे वाचवता, तर शेजाऱ्यांमुळे हे कारण त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं.

पण एक काळजी घ्या. २००७ मध्ये तिथेच घरांना त्यांचा वापर आणि सरासरी असं दोन्ही कळवलं तेव्हा जास्त वापरणारी घरं खाली आली आणि कमी वापरणारी वर गेली, कारण त्यांना वाटलं आपण उगाच काटकसर करतोय. मग कमी वापरणाऱ्यांच्या आकड्याशेजारी हसरा चेहरा काढला, तेवढ्याने ते वर जायचे थांबले. पुढे वीज कंपन्यांनी लाखो घरांना असे तुलनेचे कागद पाठवले, सरासरी २ टक्के वीज वाचली. छोटा आकडा आहे, तुमच्या बिल्डिंगमधे चमत्कार होईल असं मी सांगणार नाही.

आधी सगळ्यांना बसवून विचारा की आकडे लावायला कुणाची हरकत आहे का, नियम तुम्ही एकटीने लादू नका. घरांची नावं टाकू नका, दर महिन्याचा बिल्डिंगचा सरासरी वापर जिन्याजवळ लावा आणि प्रत्येक घराला स्वतःचा आकडा वेगळ्या चिठ्ठीवर द्या, सरासरीच्या खाली असतील त्यांच्या चिठ्ठीवर हसरा चेहरा काढा, पेनाने काढला तरी चालेल. जिना आणि पार्किंगचे दिवे, पंप, लिफ्ट यांचा हिशोब पहिल्या दिवसापासून लावा, कारण कमिटी स्वतः काय करतेय ते लोक आधी बघतील. तीन महिने झाले की आकडे मला कळवा, वाढले असतील तरी कळवा.